अर्धं छप्पर आधी : राजापूरकडच्या एका घराच्या दुरुस्तीचं प्रकरण

२० मे २०२५. दुपारी तीनच्या सुमारास काकीचा फोन आला. "पाऊस धरलाय. मेस्त्री वर चढलेत, त्यांना तुझ्याशी बोलायला वेळ नाही. मी आपलं कळवायला केला." एवढं बोलून तिने फोन ठेवला. मी ठाण्यात, कारखान्याच्या प्लॅनिंग खात्यात बसलेलो. समोरच्या एक्सेलमध्ये त्या दिवसाची ओळ होती : 'डावी बाजू, सहावा खण, रिपा मारणे व कौलं चढवणे. शिल्लक दिवस १२.' (खण म्हणजे घराच्या लांबीतला छपराचा एक भाग, रिपा म्हणजे कौलं टेकवायला वाशांवर मारतात त्या आडव्या पट्ट्या.)

म्हणजे माझ्या कागदावर बारा दिवस हातात होते आणि घरावर एका खणाएवढं आभाळ उघडं होतं.

घर राजापूर तालुक्यातलं. आजोबांनी बांधलेलं, चिऱ्याचं जोतं, वर काही भिंती चिऱ्याच्या, काही नुसत्या मातीच्या. ओटी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, कोठी आणि दोन खोल्या. पुढे उतरत्या छपराची पडवी, तिच्यापुढे खळं. आढं, म्हणजे छपराचा वरचा कणा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ, सहा खण. ग्रामपंचायतीच्या घरनोंदीत, नमुना ८ वर, नावं तीन : थोरले काका डोंबिवलीत, माझे वडील गेल्यामुळे त्यांच्या जागी मी, आणि धाकट्या काकांच्या पश्चात काकी. राहते ती एकटी काकीच. वय ७१. तिचा मुलगा पुण्यात. गणपतीला आणि शिमग्याला सगळे येतात, बाकी वर्षभर घर तिचं.

२०२४ च्या पावसाळ्यात माजघरात पाच ठिकाणी भांडी ठेवावी लागली, तेव्हा दिवाळीत तिघांनी बसून ठरवलं की आता ठिगळं पुरे.

काय करायचं, हेच आधी ठरेना

थोरल्या काकांना स्लॅब हवा होता. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं : एकदा घातला की वीस वर्षं बघायला नको. पण मातीच्या भिंतींवर स्लॅबचं वजन टाकता येत नाही. त्यासाठी खांब-तुळयांचा सांगाडा उभा करावा लागतो, आणि तसं केलं की ती दुरुस्ती राहत नाही, नवं घर होतं. आमच्याकडे तिघांचे मिळून जेमतेम आठ लाख होते.

दुसरा पर्याय लोखंडी पाईपांचा. हल्ली कोकणात निम्मी जुनी घरं अशीच होतात. वासे काढायचे, चौकोनी पाईप वेल्ड करायचे, वर तीच कौलं. एक फॅब्रिकेटर बारा दिवसांत सगळं उरकून देतो म्हणाला. बारा दिवस! आम्ही ते नाकारलं. खाऱ्या हवेत गंज धरतो हे एक कारण, आणि निम्म्याहून जास्त जुनं लाकूड ठणठणीत दिसत होतं हे दुसरं. नुसतं वेळापत्रक बघितलं असतं तर पाईपच बरोबर होते, असं मला आजही वाटतं. पण काकीला लाकूड हवं होतं, आणि राहायचं तिला होतं.

तेव्हा ठरलं असं : लाकडी छप्पर सगळं उतरवायचं, किडलेलं बदलायचं, कौलं पुन्हा चढवायची. मागे संडास-न्हाणीघर नवं. वायरिंग नवं. आतली जमीन फरशीची.

छपराचं माप काढलं. घर ४२ फूट बाय २८, वळचणी धरून आणि उतार धरून सुमारे १७०० चौरस फूट. मंगलोरी कौलं चौरस मीटरला साधारण पंधरा लागतात, म्हणजे चोवीसशे कौलं. एक कौल अडीच किलोच्या आत-बाहेर, म्हणजे डोक्यावर जवळजवळ सहा टन, तेही कोरडं असताना. हा हिशेब लिहून ठेवतोय कारण वाशाची जाडी, माणसं किती लागतील आणि कौलं खळ्यात कुठे रचायची, हे सगळं ह्याच आकड्यातून निघतं.

कॅलेंडर कोणाचं

कोकणात घराच्या कामाचं वेळापत्रक कागदावर बसवायला सोपं वाटतं. तुळशीचं लग्न झालं की सुरू, पावसाच्या आत बंद. नोव्हेंबरचा मध्य ते मे अखेर, साडेसहा महिने. मी तसंच धरलं होतं. प्रत्यक्षात त्या साडेसहा महिन्यांना अनेक वाटेकरी असतात.

नोव्हेंबरात भातझोडणी आणि त्या वर्षी वीस तारखेला विधानसभेचं मतदान. देवदिवाळीपर्यंत, म्हणजे २ डिसेंबरपर्यंत, गवंडी हाताला लागला नाही. मार्चात शिमगा. होळी १३ मार्चला होती, पण पालखी वाड्यावाड्यांतून फिरून देव पुन्हा देवळात जाईपर्यंत कोणी हत्याराला हात लावत नाही, आणि लावा असं म्हणणाऱ्याकडे पुढच्या वर्षी कोणी कामाला येत नाही. एप्रिल-मे आंब्याचा. शिवाय विहीर. आमच्या विहिरीला मार्चअखेरपर्यंत पाणी असतं, मग ते पिण्यापुरतं उरतं. सिमेंटच्या कामावर निदान आठवडाभर पाणी मारायचं तर ते काम मार्चच्या आत संपायला हवं.

म्हणून माझी पहिली योजना अशी होती : डिसेंबर-जानेवारीत संडास, शोषखड्डा, जोत्याची डागडुजी, म्हणजे सगळं पाण्याचं काम. फेब्रुवारीत लाकूड जमवणं आणि रंधून ठेवणं. शिमग्यात पालखी अंगणात येणार, तेव्हा घर झाकलेलं असावं, म्हणून छपराला तोवर हात लावायचा नाही. २५ मार्चला अख्खं छप्पर उतरवायचं, पाच आठवड्यांत बंद करायचं. एप्रिलअखेर घर झाकलेलं, मे महिना हातात राखीव. महिन्याभराची राखीव मुदत! ऑफिसात ह्या योजनेला कोणी नाव ठेवलं नसतं.

ती काकीने मोडली.

पाच आठवडे तिने शेजारच्या वाडीत पुतणीकडे राहावं, असं आम्ही धरून चाललो होतो. जानेवारीत मी ते सांगितलं, तेव्हा ती चूल पेटवत होती. मान वर न करता म्हणाली, "आणि देवाला दिवा कोण लावणार? मेस्त्री?"

मी म्हटलं, "काकी, मी माणूस ठेवतो रोज दिवा लावायला."

"घर माझं उघडं टाकायचं आणि मी दुसऱ्याच्या पडवीत झोपायचं, हे मला जमायचं नाही. काय करायचं ते मला आत ठेवून करा."

मेस्त्री तिथेच बसले होते. त्यांनी खिशातली पेन्सिल काढली आणि जमिनीवरच सहा खणांची रेघ मारून ती मधोमध तोडली. उजवीकडचे तीन खण आधी : कोठी आणि दोन खोल्या. तोवर काकी, चूल आणि देव डावीकडे. ते झाकून झालं की काकीने देवांसकट उजवीकडे यायचं आणि डावीकडचे तीन खण उघडायचे. मध्ये शिमगा येतो, तेव्हा घर पूर्ण झाकलेलं असेल.

मला हे आवडलं नाही. परांची दोनदा बांधायची, कौलं दोनदा उतरवायची आणि दोन टप्प्यांच्या मध्ये सांधा राहणार. हिशेब केला तर अठरा-वीस दिवस वाढत होते. शिवाय फेब्रुवारीत काम सुरू करायचं तर लाकूड लगेच हवं. मी फाईलमध्ये ह्या बदलापुढे चक्क 'अडचण' असं लिहून ठेवलं आहे. ती ओळ अजून आहे, पुसलेली नाही.

लाकूड

परसात फणसाचं मोठं झाड होतं आणि थोरले काका म्हणत होते ते पाडा. पण १९६४ च्या झाडं तोडण्याच्या कायद्याच्या अनुसूचीत सागाबरोबर फणस, ऐन, किंजळही आहेत. आपल्या परसातलं असलं तरी परवानगी लागते, आणि ती मिळून झाड पाडलं तरी ओलं लाकूड दोन महिन्यांत छपराला लावलं तर ते पिळतं आणि कौलं उचलतं. मेस्त्र्यांनी दुसरी वाट काढली. पलीकडच्या गावात एक जुनं घर पाडायला काढलं होतं. तिथले ऐनाचे आणि किंजळीचे वासे आम्ही घेतले. साठ-सत्तर वर्षं सुकलेलं लाकूड, त्याला आणखी काय पिळायचं आहे!

एक छोटी गोष्ट. आमचे वासे उतरवले तेव्हा प्रत्येक सांध्याजवळ पटाशीने केलेल्या खाचा दिसल्या : एक, दोन, तीन, मग एक तिरकी. कुठला वासा कुठे बसतो ह्याच्या जुन्या सुताराच्या खुणा. मेस्त्र्यांचं घराणं गावात पिढ्यान् पिढ्या सुतारकीचं, म्हणून मी कौतुकाने विचारलं, तुमच्या आजोबांच्या का? त्यांनी अंगठा फिरवून पाहिलं. "छे. आमच्यात तिरकी खाच डावीकडे मारतात. हे कोणीतरी खालच्या बाजूचं." मग थोडं थांबून, "काम बरं केलंय पण."

फेब्रुवारी

१० फेब्रुवारीला उजवी बाजू उघडली. मेस्त्री, त्यांचा पुतण्या, आणखी एक सुतार आणि तीन गडी. ८ मार्चला ती बंद झाली. २४ कामाचे दिवस, १३२ हजेऱ्या.

हा आकडा माझ्या फाईलमधला नाही, काकीच्या वहीतला आहे. मी ठाण्यात असल्यामुळे दर शनिवारी संध्याकाळी पैसे तीच द्यायची, ओटीवर बसून, डब्यातून मोजून. प्रत्येकाच्या नावापुढे पूर्ण दिवसाला उभी रेघ, अर्ध्याला टिंब. मेस्त्र्यांनी मला फोनवर सांगितलेली प्रगती आणि वहीतल्या रेघा एकमेकांशी जुळेनात, तेव्हा मी वहीवर विश्वास ठेवायला शिकलो. 'बरंच झालंय' ह्या शब्दांत काहीही मावतं. रेघेत एकच दिवस मावतो.

पैसे देण्याच्या पद्धतीबद्दल थोडं. संडासाचं, गिलाव्याचं आणि फरशीचं काम उक्तं दिलं होतं. लाकडाचं काम रोजावर. थोरल्या काकांना ते पटत नव्हतं : "रोजावर दिलं की माणूस रेंगाळतो." खरं आहे. पण उक्त्यात किंमत आधी ठरते, आणि छप्पर उघडेपर्यंत किती लाकूड किडलं आहे हे कोणालाच माहीत नसतं. अशा वेळी उक्तं घेणारा एकतर भीतीपोटी जास्त सांगतो, नाहीतर कमी सांगून मग किडलेल्या वाशावर रंग मारून तो वर ठेवतो. रेंगाळलेला दिवस दिसतो तरी. रंगवलेला वासा पाच वर्षांनी दिसतो.

३ मार्चपर्यंत माझी दहा टक्क्यांची आकस्मिक रक्कम, ७८ हजार, संपली होती. भिंतीच्या माथ्यावर जे आडवं लाकूड झोपवलेलं असतं, ज्यावर वाशांची टोकं टेकतात, ते जागोजाग वाळवीने आतून पोकळ केलं होतं. बाहेरून रंधा मारल्यासारखं गुळगुळीत, बोट दाबलं की आत जायचं. दहा टक्के हा नव्या बांधकामाचा हिशेब आहे. जुनं घर उघडायचं असेल तर पाव भाग बाजूला ठेवावा, असं माझं आताचं मत.

आणि कौलं. उतरवलेल्यांपैकी साधारण साठ टक्के, म्हणजे चौदाशे-साडेचौदाशे, पुन्हा वापरण्याजोगी निघाली. उरलेली नवी घ्यावी लागली, आणि तिथे मी ज्याचा विचारच केला नव्हता ती गोष्ट समोर आली : दोन कारखान्यांची कौलं एकमेकांत बसत नाहीत. बासल मिशन ह्या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेने १८६५ साली मंगळुरात कारखाना काढल्यापासून ह्या कौलाचा ढंग तोच आहे, पण खाचेची खोली आणि लांबी कारखान्यागणिक दोन-चार सूत इकडेतिकडे. त्यामुळे रिपांमधलं अंतरही बदलतं. एकाच पाखीवर, म्हणजे छपराच्या उतारावर, जुनी-नवी मिसळली की फटी राहतात. म्हणून नवी सगळी उजव्या अर्ध्यावर, जुनी सगळी डाव्या अर्ध्यावर, आणि मधल्या सांध्याखाली पत्र्याची पन्हळ. माझ्या जोखमींच्या यादीत चौदा ओळी होत्या. ही त्यात नव्हती.

आंबा

शिमगा झाला. काकी उजवीकडे आली, देव पाटावर बसून आले, चूल विटांवर मांडली. २५ मार्चला डावी बाजू उघडली. आणि पहिल्याच आठवड्यात सहाचे तीन झाले.

आंब्याच्या बागेत रोज साधारण आमच्याएवढाच मिळतो. तिथे जेवण मिळतं हे एक. पण खरी गोष्ट वेगळी : बागवाला पावसाळ्यात उचल देतो. मुलाची फी, घरातलं आजारपण, त्या वेळी तोच दार उघडतो. ह्या वर्षी हाकेला गेला नाहीस तर ऑगस्टात त्या दारात उभं राहता येत नाही. मी काय देत होतो? तीन महिन्यांचं काम आणि नंतर एक नमस्कार.

हे मला नंतर समजलं. आधी मी ऑफिसातला उपाय केला : रोज शंभर रुपयांनी वाढवला. गेलेल्यांपैकी एकही परत आला नाही. जे होते त्यांना वाढ मिळाली, आणि ते ऐकून गवंड्यानेही मागितली. एका निर्णयात दोन्हीकडून नुकसान!

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आणखी एक घोळ झाला. थोरल्या काकांनी परस्पर मेस्त्र्यांना फोन केला. त्यांच्या ओळखीतल्या कोणाचं पाईपांचं छप्पर बारा दिवसांत झालं होतं, तुमचं दोन महिने काय चाललंय, रोजचे फोटो पाठवा. काकांचा हेतू वाईट नव्हता, त्यांचेही पैसे लागले होते. मेस्त्री काही बोलले नाहीत. तीन दिवस आले नाहीत.

मी शनिवारी गेलो. त्यांच्या घरी गेलो तेव्हा ते सूनबाईंसाठी पोळपाट घासत होते. मी काकांच्या वतीने दिलगिरी व्यक्त केली, त्यावर म्हणाले, "फोटोचं काही नाही हो. पण मला सांगा, काम कोणाचं करतोय मी? काकींचं, तुमचं, की डोंबिवलीचं? तीन मालक झाले की सुताराने रंधा ठेवावा."

त्यानंतर ठरलं की मेस्त्र्यांशी फक्त मी बोलायचं. दर रविवारी रात्री घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चार फोटो, किती पैसे गेले आणि पुढच्या आठवड्यात काय. काकांना हे मान्य करायला मला अर्धा तास लागला. पण मग त्यांनी तो शब्द शेवटपर्यंत पाळला. त्यांना खरं तर माहितीच हवी होती, आणि ती मी देत नव्हतो.

माणसांचा प्रश्न सुटला तो मात्र मेस्त्र्यांच्या पुतण्यामुळे. त्याचे मित्रच बागेत होते. त्याने सांगितलं, तोडणी सकाळची असते, उन्हं चढली की थांबते. दुपारनंतर पेट्या भरायला सगळे लागत नाहीत. साडेतीन ते साडेसहा ते येतील, अर्धा रोज द्या. मी म्हटलं, तीन तासांत सुताराचं काय काम होणार? तो हसला. सुतारकाम नाहीच, कौलं चढवायची.

आणि ते बरोबर होतं. वासा बसवायला दोन जाणती माणसं दिवसभर लागतात. कौलं वर न्यायला मात्र खळ्यापासून आढ्यापर्यंत सात-आठ माणसांची साखळी दोन तास लागते, आणि त्यात कसब फारसं नाही. मी दोन्ही कामांना एकच 'टीम' धरून बसलो होतो, म्हणून मला सहाजण दिवसभर हवेत असं वाटत होतं. मग सकाळी तिघांनी वासे आणि रिपा करायच्या, दुपारी चारला साखळी. वहीत टिंबं वाढली. काकीने त्या तीन तासांसाठी रोज कोकम सरबताचा हंडा ठेवायला सुरुवात केली. माणसं त्यासाठी येत होती असं म्हणणं खोटं ठरेल, ती अर्ध्या रोजासाठी येत होती, पण सहा वाजता कोणी घड्याळ बघत नव्हतं, हेही मी पाहिलं.

तरीही डावी बाजू रखडली. चुलीवरचे वासे धुराने काळेकुट्ट पण टणक निघाले, त्यांना कीड शिवली नव्हती. उलट शेवटच्या खणावर शेजारच्या आंब्याची सावली आणि वर्षानुवर्षं कुजलेला पाचोळा. तिथलं भिंतीवरचं सगळंच लाकूड बदलावं लागलं. २५ मार्च ते १९ मे, ४८ कामाचे दिवस, १५१ हजेऱ्या. उजवी बाजू १३२ मध्ये झाली होती. इथे १५१ मध्ये चौथा-पाचवा खण झाला, आणि सहावा आणि पुढची पडवी उघडीच.

१० मे ते २६ मे

माझ्या यादीत पावसाची ओळ होती : 'जूनआधी पाऊस : शक्यता कमी, परिणाम मोठा.' शक्यता कमी का लिहिली? मान्सूनची मुंबईतली सर्वसाधारण तारीख ११ जून, आमच्याकडे त्याआधी चार-पाच दिवस. एवढाच विचार. खरं तर १६ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्याला घासून गेलं होतं आणि त्याच छपराची शंभरेक कौलं उडाली होती. ते मला आठवत होतं, पण ते मी 'वादळ' ह्या कप्प्यात टाकलं होतं, 'पाऊस' ह्या नाही. उघड्या छपराला हा फरक कळत नाही.

१० मेला हवामान खात्याने मान्सून २७ मेच्या सुमारास केरळात येईल असं सांगितलं, म्हणजे नेहमीपेक्षा चार-पाच दिवस आधी. मी तारखेत आठवडा मिळवला, ३ जून आला, आणि पुढच्या कामाला लागलो. मेस्त्र्यांना साधा फोनही केला नाही. ह्या सगळ्या प्रकरणात मला माझी सर्वांत मोठी चूक हीच वाटते. त्या दिवशी सहावा खण न उघडता तसाच ठेवायचं ठरवता आलं असतं, कारण तो १२ तारखेला उघडला.

२० तारखेला पाऊस आला तो मान्सून नव्हताच. समुद्रात किनाऱ्यालगत कमी दाबाचा पट्टा तयार झाला होता, २४ तारखेला तो रत्नागिरी आणि दापोलीच्या मधून जमिनीवर आला. त्याच दिवशी मान्सून केरळात पोचला, दुसऱ्याच दिवशी सिंधुदुर्गात आणि २६ तारखेला मुंबईत. मुंबईत इतक्या लवकर आल्याची नोंदच नाही.

२० च्या दुपारी वर चारजण होते. त्यांनी आढ्यावरून ताडपत्री सोडली, खाली वाशांना सुंभाने बांधली, पाचव्या खणाची शेवटची कौलं रिपांवर नुसती बसवली. काकीने सहाव्या खणाखालची भाताची कणगी शेजाऱ्यांना हाक मारून हलवली. संध्याकाळपर्यंत घर झाकलं होतं. तीन दिवस सगळं ठीक.

मग ताडपत्रीने पोट धरलं. वाऱ्याने दोरी सैल झाली, मध्ये पाणी साचलं, आणि साचलेलं पाणी एकाच कोपऱ्यातून धार लागून खाली पडू लागलं, नेमकं बाहेरच्या मातीच्या भिंतीच्या पायाशी. २४ च्या रात्री त्या भिंतीचा सातेक फूट तुकडा बाहेरच्या बाजूला बसला. आवाज फार झाला नाही म्हणे, ओलं पोतं टाकल्यासारखा. काकी उजव्या बाजूला, नव्या वाशांखाली, कोरडी झोपली होती.

२५ ला मी पोचलो. मेस्त्री आधीच वाशांना टेकू देत होते. मी भिंतीकडे बघत राहिलो तेव्हा म्हणाले, "पावसाने नाही पाडली. आपल्या ताडपत्रीने पाडली. तळाशी एक बांबू लावून पाणी खळ्यात काढायला हवं होतं. सुचलं नाही मला." चौदा ओळींच्या यादीत स्वतःच्या उपायामुळे होणारं नुकसान, ह्याला ओळच नव्हती.

अख्खं उघडलं असतं तर

हा प्रश्न मी नंतर वहीच्या आधारे सोडवून पाहिला. कागदावर माझी पहिली योजना एप्रिलअखेर संपत होती, मेच्या पावसाच्या कितीतरी आधी. पण तिच्यात सगळ्या छपराचं काम शिमग्यानंतर होतं, म्हणजे सगळं आंब्यात. आंब्याच्या दिवसांत आम्हाला ४८ दिवसांत १५१ हजेऱ्या मिळाल्या. अख्ख्या छपराला लागणाऱ्या हजेऱ्या तीनशेच्या वर. म्हणजे २० मेला निम्मं छप्पर उघडं असतं, आणि काकी कुठे असती ते मला लिहवत नाही.

काकीच्या हट्टाने घर वाचलं, असं आता घरात सगळे सांगतात. मला ते पूर्ण पटत नाही. तिला पावसाचं काही कळलं होतं असं नाही, तिला दिवा लावायचा होता. झालं एवढंच की त्या हट्टामुळे निम्मं काम फेब्रुवारीत गेलं, जिथे माणसं मोकळी होती आणि माझ्या योजनेत नुसतं लाकूड रंधायचं होतं. ती फट माझ्या डोळ्यांसमोर होती. मी तिला 'तयारीचा महिना' म्हणत होतो.

पैशाचं सांगायचं तर ७ लाख ८० हजारांचे ९ लाख ६५ हजार झाले. वाढलेल्या १ लाख ८५ हजारांत लाकूड ८४, भिंत ४१, लांबलेले रोज ३३ आणि पत्रा-ताडपत्री-वाहतूक मिळून २७ हजार. अर्धं-अर्धं करण्याचा जादा खर्च ह्या शेवटच्या दोन आकड्यांत आहे, आणि तो काढून दाखवा असं थोरले काका अधूनमधून म्हणतात. मी काढलेला नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पावसाने उघडीप दिली. ७ जूनला सहावा खण आणि पडवी झाकली गेली. पडलेली भिंत जुलैत छपराखालीच चिऱ्याची बांधली, फरशी त्यानंतर. २७ ऑगस्टला गणपती माजघरात नेहमीच्या जागी बसला.

आरतीच्या वेळी मी वर बघत होतो. तिसऱ्या आणि चौथ्या खणाच्या मध्ये, जिथे जुनी आणि नवी कौलं भेटतात, तिथून मोठ्या सरीला एक थेंब येतो. पन्हळ असूनही येतो. मेस्त्र्यांना दाखवला. त्यांनी वर पाहिलं, टोपी सरळ केली, म्हणाले तुळशीच्या लग्नानंतर बघू. काकीने त्याच्याखाली पितळेचं एक फुलपात्र ठेवलं आहे. सकाळी ते पाणी ती तुळशीला घालते.